लखोट्यावरील मजकूर

पत्राला मजकूर असतो तसा लखोटाहि असतो. मजकूर ज्याच्यासाठीं लिहिला त्यानें वाचावयाचा. लखोटा मात्र वाटेंतील प्रत्येक टपालवाल्यानें वाचावयाचा. या दोहोंच्या सीमेवर मायना बसतो. आपल्या जुन्या पत्रलेखनांत मायन्याला केवढें महत्त्व होतें हें घरांतील वडील माणसांस सांगावयास नकोच. ‘तीर्थस्वरूप’ कोणास, ‘राजश्री’ कोणास आणि ‘चिरंजीव’ कोणास, हें चुकलें म्हणजे मजकूर कितीहि गोड असला तरी पत्र बिघडलें. आणि पत्राच्या माथ्यावर श्रीकार नसला, तर पहिली ओळ वाचण्यापूर्वींच वाचणारा समजे कीं वार्ता अशुभ आहे. म्हणजे लिहिलेलें अक्षर जसें बोले, तसें न लिहिलेलेंहि बोलत असे.

हा जुना विषय आज काढण्याचें कारण असें कीं, बँका, विमा कंपन्या, रेल्वे यांच्यासारखे मोठे कारभार ज्या संगणकांवर चालतात, त्यांच्यामध्येंहि रात्रंदिवस असाच पत्रव्यवहार चालू असतो, आणि त्यांतील पुष्कळसे घोटाळे मजकुराचे नसून मायन्याचे असतात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे मुलगे, मुली, सुना, जांवई पुणें, बंगळूर किंवा परदेशीं याच कामांत आहेत. रात्रीं जेवतां जेवतां फोन वाजतो, ‘हेडर गळाले’ असें कांहीं तरी म्हणून चिरंजीव पानावरून उठतात, आणि आजीबाई विचारतात, ‘अरे, काय गळालें?’ त्या प्रश्नाचें उत्तर देणें हा आजच्या लेखाचा हेतु आहे.

एका बँकेंतील एक यंत्र दुसऱ्या यंत्रास ‘अमक्याच्या खात्यांतून इतके रुपये काढून तमक्यास द्यावे’ असें सांगूं इच्छितें. दुसरें यंत्र त्या क्षणीं अन्य कामांत गुंतलेलें असेल, बंद असेल, किंवा मधला मार्ग तुटलेला असेल. अशा वेळीं पहिल्यानें वाट पाहत बसूं नये म्हणून मध्यें एक टपालघर ठेवलेलें असतें. पहिलें यंत्र आपला संदेश तेथें टाकून पुढच्या कामास लागतें. टपालघर तो रांगेंत ठेवतें आणि दुसरें यंत्र मोकळें झालें कीं त्याच्या स्वाधीन करतें. प्रत्येक संदेशाचे तीन भाग असतात. पहिला हेडर, म्हणजे आपला मायना. संदेश कोणत्या रांगेसाठीं, उत्तर कोठें पाठवावें, निकड किती, केव्हांपर्यंत ग्राह्य, आणि टपालघरावर आपत्ति आली तरी जपून ठेवावयाचा कीं नाहीं, हें सारें त्यांत ठरलेल्या जागीं असतें. दुसरा भाग प्रॉपर्टी. त्यांना आपण कचेरींतील शब्दानें शेरे म्हणूं. ‘शाखा अमुक’, ‘प्रकरण तातडीचें’ असे हे शेरे पाठविणारा आपल्या सोयीनें लिहितो, आणि घेणारा त्यांवरून संदेशांची निवड करतो. तिसरा भाग प्रत्यक्ष मजकूर.

अशी टपालपद्धति जगांत एकच असती तर प्रश्नच नव्हता. परंतु ज्यानें त्यानें आपली गरज पाहून आपली पद्धत रचली. मुंबईंत जन्मलेले विवेक रणदिवे यांनीं अमेरिकेंत ‘टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स’ ही कंपनी काढून, बाजारभाव एकाच वेळीं शेंकडों मेजांवर पोंचविणारी ‘इन्फर्मेशन बस’ तयार केली. त्यांच्या १९९७ सालच्या ‘टिबको’ कंपनीचें नांव याच शब्दांवरून आलें. आयबीएम कंपनीनें १९९३ सालीं ‘एमक्यूसिरीज’ आणली. ती आज ‘आयबीएम एमक्यू’ या नांवानें चालू आहे. सन मायक्रोसिस्टिम्सनें १९९८ सालीं जावा भाषेकरितां ‘जेएमएस’ ही नियमावली प्रसिद्ध केली. जेपी मॉर्गन चेस बँकेंतील जॉन ओहारा यांनीं २००३ सालीं आरंभिलेल्या ‘एएमक्यूपी’ची १.० ही आवृत्ति २०१२ सालीं ओएसिस संस्थेनें व २०१४ सालीं आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. मध्यंतरीं २००७ सालीं ‘रॅबिटएमक्यू’ निघाली. आणि लिंक्डइन कंपनीनें आपली ‘काफ्का’ २०११ सालीं सर्वांस खुली केली.

यांत एक गोष्ट ध्यानांत ठेवावयाची. जेएमएसनें खिडकीपाशीं काय बोलावें हें ठरविलें. आंत थैली कशी बांधावी हें ठरविलें नाहीं. त्यामुळें दोघेहि ‘आम्ही जेएमएसच पाळतों’ म्हणत असले तरी एकाची थैली दुसऱ्यास उघडतां येईलच असें नाहीं. दोन बँका एक झाल्या, किंवा जुनी व्यवस्था ठेवून तिच्या शेजारीं नवी उभी केली, कीं दोन टपालघरांमध्यें एक दुभाष्या बसवावा लागतो. तो एकीकडचा संदेश घेतो, त्याचा मायना व शेरे दुसरीकडच्या रीतीनें पुन्हां लिहितो आणि संदेश पुढें टाकतो. मजकुराला तो सहसा हात लावीत नाहीं. त्याचें सारें कौशल्य लखोट्यावर खर्च होतें, आणि तो चुकतोहि तेथेंच.

पहिली चूक सारख्या दिसणाऱ्या आंकड्याची. संदेश जपून ठेवावा कीं नाहीं, हें जेएमएसमध्यें १ व २ या आंकड्यांनीं सांगतात. १ म्हणजे जपण्याची गरज नाहीं. २ म्हणजे जपून ठेवावा. आयबीएम एमक्यूच्या मायन्यांत हेंच सांगण्यास ०, १ व २ असे आंकडे आहेत. पण तेथें ० म्हणजे जपूं नये, १ म्हणजे जपावा, आणि २ म्हणजे त्या रांगेचा जो रिवाज असेल त्याप्रमाणें करावें. आतां एखाद्या भोळ्या दुभाष्यानें आंकडा तसाच उतरून घेतला तर काय होईल? ‘जपूं नये’चें ‘जपावा’ होईल. तें एक वेळ चालेल. परंतु ‘जपून ठेवावा’ अशी स्पष्ट आज्ञा ‘तुमच्या रिवाजाप्रमाणें करा’ अशी होऊन बसेल, आणि रांगेचा रिवाज न जपण्याचा असला तर वीज गेलेल्या रात्रीं लोकांच्या पैशांचे हुकूम नाहींसे होतील. आंकडा एका अक्षरानेंहि बदललेला नसतो, म्हणून दोष कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीं.

दुसरी चूक मुदतीची. समजा, एक हुकूम ३० सेकंदच ग्राह्य आहे. जेएमएसच्या मायन्यांत मुदत संपण्याचा प्रत्यक्ष क्षण लिहितात. तो १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रीनिचच्या वेळेनें, किती सहस्रांश सेकंद झाले या रूपानें. रॅबिटएमक्यूमध्यें क्षण न लिहितां उरलेला अवधि लिहितात. तेथें हाच हुकूम ३०००० असा दिसेल, कारण तेहि सहस्रांशांतच मोजतात. आयबीएम एमक्यूमध्येंहि अवधिच लिहितात, पण दशांशांत. तेथें हाच हुकूम ३००. आतां ३००० सेकंद म्हणजे पन्नास मिनिटें. कोणीं ३०००० हा आंकडा एमक्यूच्या जागीं जसाच्या तसा लिहिला, तर तीस सेकंदांचा हुकूम पन्नास मिनिटें जिवंत राहील. मधल्या काळांत ‘पैसे गेले नाहींत’ असें समजून ग्राहकानें पुन्हां प्रयत्न केला असेल, तर पहिला हुकूम मागाहून जागा होऊन एकाच देण्याचे पैसे दोनदां जातील. जेथें क्षण लिहितात तेथें आणखी एक भय असतें. दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत चाळीस सेकंदांचा फरक असला आणि पलीकडचें घड्याळ पुढें असलें, तर तीस सेकंदांचा हुकूम पोंचण्यापूर्वींच मेलेला ठरेल.

यांतहि शून्याची कथा विशेष आहे. जेएमएसमध्यें मुदतीच्या जागीं शून्य असलें तर त्याचा अर्थ ‘मुदत नाहीं, कधींच मरूं नये’ असा होतो. एमक्यूमध्यें हाच अर्थ उणे एक या आंकड्यानें सांगतात. रॅबिटएमक्यूमध्यें शून्य म्हणजे ‘रांगेंत येतांच संपला’. घेणारा त्याच क्षणीं हात पसरून उभा असेल तरच त्यास मिळावयाचा. एकाच्या भाषेंत चिरंजीव, तर दुसऱ्याच्या भाषेंत जन्मतांच गतायु! आशीर्वाद व शाप यांचें चिन्ह एकच असावें, असा हा प्रकार आहे.

आतां न लिहिलेल्या अक्षराकडे वळूं. जेएमएसमध्यें पाठविणाऱ्यानें कांहींच सांगितलें नाहीं, तर संदेश जपून ठेवावयाचा व त्याची निकड ४ समजावयाची. निकडीचे आंकडे ० पासून ९ पर्यंत. एएमक्यूपी १.० मध्यें जपण्याविषयीं कांहीं लिहिलें नसेल तर तो जपावयाचा नाहीं असें धरतात. रॅबिटएमक्यूच्या प्राधान्याच्या रांगेंत निकड लिहिलीच नसेल तर ती शून्य धरली जाते. तेव्हां ‘येथें कांहीं लिहिलेलें नाहीं, मग आपणहि कांहीं लिहूं नये’ असें म्हणणारा दुभाष्या प्रामाणिक वाटला तरी विश्वासू नव्हे. त्यानें मौनाचें भाषांतरहि केलें पाहिजे; जेथें पहिल्या घरीं मौनाचा अर्थ ‘जपा’ असा आहे, तेथें दुसऱ्या घरीं ‘जपा’ असें उघड लिहिलें पाहिजे. जेएमएसमध्यें आणखी एक गंमत आहे. जुन्या लखोट्यावरची निकड व मुदत नक्कल करून संदेश खिडकींत टाकला, तरी पाठविण्याच्या क्षणीं खिडकीवरील कारकून तीं खोडून आपल्या खिडकीचे ठरलेले आंकडे घालतो. निकड व मुदत टिकवावयाची असेल तर ती पाठवितांना वेगळी सांगावी लागते. मायन्यावर लिहून भागत नाहीं.

सर्वांत नाजुक प्रकरण उत्तराचें आहे. प्रत्येक संदेशास टपालघर आपला क्रमांक देतें, आणि उत्तर देणारा त्या उत्तरावर ‘आपल्या अमुक क्रमांकाच्या पत्रास अनुसरून’ असें लिहितो. दुभाष्यानें संदेश पुढच्या टपालघरांत टाकला कीं तेथें त्यास नवा क्रमांक मिळतो. उत्तर येतें तें नव्या क्रमांकास अनुसरून. आणि मूळ विचारणारा तर जुन्या क्रमांकाची वाट पाहत बसलेला! यास्तव दुभाष्यापाशीं जावक-बारनिशी असावी लागते. कोणता जुना क्रमांक कोणता नवा झाला, हें तिच्यांत पाहून त्यानें परत येणाऱ्या उत्तरावर जुना क्रमांक घालावा. उत्तराचा पत्ताहि तसाच. पहिल्या घरांतील रांगेचें नांव दुसऱ्या घरांत कोणी ओळखीत नाहीं. तेथें दुभाष्यानें स्वतःचा पत्ता देऊन उत्तर मध्यें झेललें पाहिजे.

शिवाय जागेचा प्रश्न आहेच. एमक्यूच्या मायन्यांत या अनुसंधानाच्या क्रमांकास बरोबर २४ बाइटांची जागा असते. हल्लीं प्रचारांत असलेला ‘यूयूआयडी’ हा ओळखक्रमांक अक्षरांनीं लिहिला तर ३६ अक्षरांचा होतो. तो चोविसांवर कापला गेला, तर उत्तर कोणत्या प्रश्नाचें हें कळावयाचें नाहीं. तोच क्रमांक अक्षरांत न लिहितां मूळ रूपांत ठेवला तर अवघ्या १६ बाइटांत मावतो; परंतु दोन्ही बाजूंनीं तसें ठरविलेलें असावें लागतें. आपल्या देवनागरी लिपीचें तर येथें विशेष हाल. सध्यांच्या यूटीएफ-८ या पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह, मग तें अक्षर असो, काना असो वा अनुस्वार असो, तीन बाइट घेतें. ‘रामचंद्र’ या नांवांत अशीं आठ चिन्हें आहेत. म्हणजे तें चोवीस बाइटांत नेमकें बसतें. ‘रामचंद्रराव’ लिहिलें कीं राव गळालाच! यंत्राला वडीलधाऱ्यांचा मान कोठून कळणार?

शेऱ्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. जेएमएसमध्यें शेऱ्याचें नांव जावा भाषेच्या नियमांत बसावें लागतें. त्यांत आडवी रेघ किंवा टिंब चालत नाहीं. काफ्कांत व एएमक्यूपींत असा निर्बंध नाहीं. कोणी आडव्या रेघेच्या जागीं खालची रेघ घालून सोय करतो. पण मुळांत दोन्ही तऱ्हेचीं नांवें असलीं तर दोन शेरे एकमेकांवर बसून एक नाहींसा होतो. म्हणूनच ‘कॅमल’ नांवाचा प्रसिद्ध दुभाष्या रेघ व टिंब यांच्या जागीं ‘हायफन’ व ‘डॉट’ हे शब्दच ठराविक खुणेसह लिहितो, म्हणजे परत येतांना मूळ नांव उलगडतां येतें. संख्येचा शेराहि तसाच जपावा लागतो. ‘१००० हून अधिक’ अशी निवड जेएमएसमध्यें सांगितली आणि रक्कम संख्या म्हणून न येतां अक्षरें म्हणून आली, तर तुलनाच होत नाहीं व संदेश निवडला जात नाहीं. उलट खातेक्रमांक ही खरोखर अक्षरें. त्यांस संख्या मानलें तर आरंभींचीं शून्यें गळून खातें दुसऱ्याचें होतें. काफ्का ही तर टपालघरापेक्षां रोजकीर्दीसारखी आहे. तींत २०१७ सालच्या ०.११ या आवृत्तीपर्यंत शेऱ्यांस वेगळी जागाच नव्हती. आज आहे, परंतु तेथें शेऱ्याचें मूल्य म्हणजे नुसते बाइट, आणि एकाच नांवाचे दोन शेरेहि चालतात. जेएमएसमध्यें एका नांवाला एकच शेरा. दोन्ही टिकवावयाचे असतील तर कसे, हें माणसानें ठरवावयाचें.

हा सारा प्रकार समजून घेतांना आम्हांस पाणिनीच्या अनुबंधांची आठवण झाली. धातुपाठांत ‘कृ’ हा धातु नुसता न देतां ‘डुकृञ्’ असा दिला आहे. आरंभींचा ‘डु’ व अखेरचा ‘ञ्’ यांचा उच्चार करावयाचा नसतो. पण ‘ञ्’ वरून हा धातु परस्मैपद व आत्मनेपद अशा दोन्ही पदांत चालतो हें कळतें, आणि ‘डु’मुळें ‘कृत्रिम’ हा शब्द सिद्ध होण्यास वाट मिळते. अनुबंध हा शब्दाचा अवयव नव्हे. शब्दावर कोणते संस्कार करावे याची ती आज्ञा आहे, आणि आज्ञा पाळली गेली कीं तिचा लोप होतो. नवशिके विद्यार्थी येथें दोन तऱ्हांनीं चुकत. कोणी संस्काराआधींच लोप करी, कोणी अनुबंध शब्दांतच उच्चारी. संगणकांतील दुभाषे नेमके असेच चुकतात. एक मायना टाकून देतो, दुसरा तो मजकुरांत कोंबतो. आणि देवगिरीच्या यादवांच्या काळीं बोपदेवानें ‘मुग्धबोध’ रचला तेव्हां त्यानें संज्ञाच निराळ्या योजिल्या. पाणिनीची संज्ञा बोपदेवाच्या ग्रंथांत अक्षरसाम्यावरून लावूं पाहणारा फसतो. दोन्ही शास्त्रें आंतून जाणणारा फसत नाहीं.

मग उपाय कोणता? कंपन्यांनीं स्वतः पुरविलेले दुभाषे वर सांगितलेल्यांपैकीं बऱ्याच गोष्टी नीट करतात. आयबीएमचा जेएमएस-दुभाष्या लांब क्रमांक २४ बाइटांच्या जागेंत न मावल्यास पूर्ण क्रमांक एका जोडपत्रांतहि ठेवतो. टिबकोची जुनी ‘राँदेव्हू’ ही पद्धति दवंडीसारखी. तिच्यांत जेएमएसच्या बहुतेक मायन्यांस प्रतिशब्दच नाहीं. तेव्हां टिबकोच्या दुभाष्यास तशी आज्ञा दिली असतां तो सारा मायना एका पोटथैलींत व सारे शेरे दुसऱ्या पोटथैलींत घालून मजकुराबरोबर पाठवितो. आणि उलट दिशेनें आलेल्या संदेशावर ‘हा बाहेरून आलेला आहे’ असा शेरा मारतो. ही रीत आम्हांस फार आवडली. ज्याचें भाषांतर करतां येत नाहीं तें फेंकून न देतां बांधून पुढें द्यावें, आणि आपण मध्यें हात लावला आहे हें लिहून ठेवावें. चांगल्या भाषांतरकाराचा धर्म याहून निराळा नाहीं.

घोटाळे बहुधा होतात ते घाईनें घरीं रचलेल्या दुभाष्यांत. म्हणून या कामांतील तरुण मंडळींस आमची सूचना अशी. काम आरंभण्यापूर्वीं एक तक्ता करावा. प्रत्येक मायन्यासमोर पांच रकाने असावे: दोन्हीकडचें नांव, दोन्हीकडचा अर्थ, मोजण्याचें परिमाण, मावणारी लांबी, आणि कांहीं न लिहिल्यास काय समजावयाचें. नांवाचा रकाना भरणें सोपें असतें, म्हणून बहुतेक तक्ते तेथेंच थांबतात. पैसे बुडतात ते पुढल्या चार रकान्यांत. तक्ता झाला कीं एक संदेश पलीकडे पाठवून तोच परत आणवावा व मूळाशीं ताडून पाहावा. परत आलेला संदेश मुळाबरहुकूम नसेल, तर काय बदललें तें लिहून, ज्याच्या खात्याचे पैसे त्यांतून जाणार त्या खात्याच्या अधिकाऱ्याची त्यावर संमति घ्यावी. ‘एवढ्यानें काय होतें’ असें दुभाष्यानें आपल्याशींच ठरवूं नये. आणि ताडतांना शून्य मुदतीचा, निकड न लिहिलेला व देवनागरी नांवाचा असे तीन संदेश अवश्य घ्यावे.

आजीबाईंच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. गळालें तें पत्र नव्हे. पत्र शाबूत आहे. ‘उत्तर कोणास द्यावें’ एवढीच ओळ वाटेंत पुसली गेली, आणि तिच्या वांचून कोणाची तरी फी, कोणाचें तरी औषधाचें बिल रांगेंत अडकून पडलें आहे. तेवढी ओळ पुन्हां लावण्यासाठीं चिरंजीव पानावरून उठले. त्यांचें पान झांकून ठेवावें.